बासष्टचा फरक

येवल्याच्या एखाद्या मंगल कार्यालयात खुली बुद्धिबळ स्पर्धा भरली आणि 100 नावं आली, तर पहिल्या फेरीत अव्वल मानांकिताच्या समोर दुसरा नाही, 51वा येऊन बसतो. स्विस पद्धतच तशी! रेटिंगप्रमाणे यादी लावायची, मधोमध कापायची आणि वरच्यांना खालच्यांशी भिडवायचं. विषम लढतीनेच नारळ फुटतो.

पण विषम म्हणजे किती? मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी याचं जे गणित मांडलं, ते अजब आहे. त्यात नुसत्या रेटिंगला अर्थ नाही, अर्थ दोघांतल्या फरकाला. 400चा फरक असला, की सरस खेळाडूने 100 डावांत 91-92 गुण घ्यावेत. मग 1500 विरुद्ध 1900 असो वा 2300 विरुद्ध 2700.

आता आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. एप्रिल 2024, टोरांटो, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा. नाशिकच्या विदित गुजराथीचं रेटिंग 2727, अमेरिकेच्या हिकारू नाकामुराचं 2789. फरक 62. म्हणजे विदितच्या वाट्याला डावामागे 0.41 गुण. त्यात नाकामुरा सलग 47 क्लासिकल डाव हरलेला नव्हता. दुसऱ्या फेरीत विदितकडे काळी मोहरी. अकराव्याच चालीला त्याचा उंट थेट नाकामुराच्या राजापुढच्या प्याद्यावर जाऊन आदळला. उंट गेला तर गेला, राजाचा आडोसा फुटला पाहिजे! एवढी हिंमत घरी केलेल्या तयारीशिवाय होत नाही. नाकामुरा हरला. नवव्या फेरीत विदितने त्याला पुन्हा हरवलं. अपेक्षा दोन डावांत 0.82 गुणांची, मिळाले पुरते 2. एकेका विजयाने विदितच्या रेटिंगमध्ये 5.9ची भर पडली आणि नाकामुराच्या खात्यातून तेवढेच वजा झाले.

मग एलोंचं गणित चुकलं का? गंमत पुढेच आहे. आठ खेळाडूंत रेटिंगने सातवा असलेला विदित 14 फेऱ्यांनंतर 6 गुणांवर, सहावा. रेटिंगने दुसरा असलेला नाकामुरा त्या दोन पराभवांनंतरही 8.5 गुणांवर, संयुक्त दुसरा. विजेत्या गुकेशपेक्षा अवघा अर्धा गुण मागे.