विबीजुक : बुरशीचे धूलिकण

नासलेल्या लिंबावरील हिरवट बुरशीस बोट लागताच बारीक भुकटी उडते. तिचा प्रत्येक कण म्हणजे एक विबीजुक होय. त्याचे ‘कोनिडियम’ हे शास्त्रीय नाव धूळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

विबीजुक लैंगिक संयोगावाचून उपजते. काही बुरशींची बीजुके पिशवीत तयार होतात. विबीजुक मात्र कवकतंतूवर उघडेच वाढते. साहजिकच पुष्कळ जातींची विबीजुके वाऱ्याच्या झुळकेनेही दूर जातात आणि ओलावा मिळताच अंकुरतात.

१९४२ साली बंगालमधील भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पसरला. या रोगाच्या बुरशीची विबीजुके वाऱ्याबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. १९४३ च्या भीषण दुष्काळामागे या रोगाचा मोठा वाटा होता, असे वनस्पतिरोगतज्ज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ साली प्रतिपादिले. युद्धकाळातील महागाई व धान्यवाटपातील अव्यवस्था यांवर अर्थशास्त्रज्ञ अधिक भर देतात.

या रोगाची बुरशी बियाण्यातूनही पसरते. म्हणून पेरणीपूर्वी बियाण्यास बुरशीनाशक औषध चोळतात. शेतकऱ्याचे रक्षण येथूनच सुरू होते.