शंभरातले दहा

10 टक्के. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेत (200-301) ऑटोमेशन आणि प्रोग्रॅमेबिलिटी या विभागाचं वजन एवढंच. कंट्रोलर, ओव्हरले, एपीआय, जेसन असा सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंगचा, म्हणजे एसडीएनचा, बहुतेक ऐवज याच विभागात आहे. उरलेले 90 जुन्याच विषयांचे: आयपी कनेक्टिव्हिटी 25, नेटवर्कची मूलतत्त्वं 20, नेटवर्क अ‍ॅक्सेस 20, सुरक्षा 15, आयपी सेवा 10. ‘आता सगळं सॉफ्टवेअरच करतं’ म्हणत थेट एसडीएनच्या क्लासला जाणाऱ्यांना हे प्रमाण उलटं वाटतं. माझ्या मते ते बरोबर आहे.

का, ते व्हीएक्सलॅन या ओव्हरलेच्या हिशेबात दिसतं. जुन्या व्हीलॅनचा ओळखक्रमांक 12 बिटांचा, म्हणून जास्तीत जास्त 4,096 क्रमांक. व्हीएक्सलॅनचा 24 बिटांचा, म्हणजे 1,67,77,216. मोठ्या डेटा सेंटरला हा ऐसपैसपणा हवाच असतो, आणि सिस्कोची एसीआय ही डेटा सेंटरसाठीची एसडीएन प्रणाली त्यावरच उभी आहे. पण त्याची किंमत आहे: मूळ फ्रेम यूडीपीत गुंडाळताना आयपीव्ही4 वर 50 बाइट वाढतात. आतलं पॅकेट 1,500 बाइटचं असेल तर बाहेरचं 1,550 चं होतं. खालच्या नेटवर्कचा एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) 1,500 च राहिला असेल, तर छोटा पिंग सुरळीत जातो, लॉगिनही होतं, आणि मोठी फाइल मात्र अडकते. नुसते कंट्रोलरचे स्क्रीन पाठ केलेला इंजिनिअर इथे फसतो.

पुढची पायरी सीसीएनपी डेटा सेंटर. त्याआधी सीसीएनए हवंच, अशी अट 2020 पासून नाही. कोअर परीक्षा (350-601) 120 मिनिटांची, शुल्क 400 डॉलर. एसीआयची (300-620) 90 मिनिटांची, 300 डॉलर. डॉलर 90 रुपये धरला तर दोन्हींचे 63,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 11,340. एकूण 74,340. प्रमाणपत्राची मुदत 3 वर्षं, म्हणजे महिन्याला 2,065 रुपये पडले. नापास झालात तर 5 दिवस थांबायचं आणि पूर्ण शुल्क पुन्हा भरायचं. उत्तीर्णतेची रेषा कंपनी जाहीर करत नाही. इतके पैसे घेऊन एवढं तरी सांगायला हरकत नव्हती! नूतनीकरणाला 80 क्रेडिट, नाहीतर पुन्हा परीक्षा.

कोणत्याही कंपनीशी न बांधलेलं प्रमाणपत्र ओपन नेटवर्किंग फाउंडेशनने आणलं होतं. 2011 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने 2023 च्या अखेरीस आपले प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे सोपवले. त्यामुळे आज ज्या कंपनीची उपकरणं नोकरीत हाताळायची, तिचाच कागद घ्यावा लागतो. आणि कंपन्याही हलतात: व्हीएमवेअरने 2012 मध्ये निसिरा ही एसडीएन कंपनी 1.26 अब्ज डॉलरना घेतली, 2023 मध्ये ब्रॉडकॉमने खुद्द व्हीएमवेअरच घेतली.

सरावाला मात्र शुल्क लागत नाही. लॅपटॉपवर दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीन घ्या, ओपन व्हीस्विचने त्यांच्यात व्हीएक्सलॅन टनेल जोडा आणि खालचा एमटीयू 1,500 च ठेवा. 1,422 बाइटचा पिंग जाईल. 1,472 चा अडकला, की एमटीयू 1,550 करून पुन्हा पाठवा.