धोत्र्याचें बीं आणि डोळ्यांतील बाहुली

हातपाय आपल्या मनाप्रमाणें हालतात. परंतु हृदयाचे ठोके, आंतड्यांची हालचाल, घाम, लाळ व डोळ्यांतील बाहुलीचें लहानमोठें होणें हा कारभार आपणांस न विचारतां अहोरात्र चालूं असतो. तो पाहणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यास स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिची एक शाखा संकटसमयीं हृदय धडधडविते, श्वासनलिका रुंद करिते. दुसरी विसांव्याच्या वेळीं हृदय मंद करिते व अन्न पचविते.

मज्जातंतु आपली आज्ञा हृदयास कळवितो तरी कशी? ओटो लोवी यानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगानें हें कोडें उलगडलें. त्यानें बेडकांचीं दोन हृदयें क्षारद्रवावर स्पंदत ठेविलीं. एकाचा मज्जातंतु विजेनें चेतवितांच तें मंदावलें. त्यांतील द्रव दुसऱ्यांत सोडतांच, त्याच्या तंतूस स्पर्शही केला नसतां, तेंही मंदावलें! निरोप्या रसायन होता. तें ॲसिटिलकोलीन असल्याचें पुढें ठरलें, आणि १९३६ चें नोबेल पारितोषिक लोवी व हेन्री डेल यांस विभागून मिळालें.

शंकरास आपण वाहतों तो धोत्रा याच निरोप्याची वाट अडवितो. त्यांतील ॲट्रोपीनसारखीं द्रव्यें त्याची जागा बळकावून बसतात. मग तोंडास कोरड पडते, अंग तापतें पण घाम येत नाहीं, बाहुल्या विस्फारतात, लघवी तुंबते, आणि रोगी बरळूं लागतो. मुलानें धोत्र्याचें बीं खाल्लें असें कळतांच घरगुती उतारे करीत न बसतां इस्पितळ गांठावें.

शेतीच्या गांवीं ज्यांचें माहेर वा सासर आहे त्यांनीं याची दुसरी बाजूही जाणून घ्यावी. पिकांवरील कांहीं फवारण्यांचीं विषें ॲसिटिलकोलीनचा निचरा करणाऱ्या पाचकद्रव्यासच निकामी करितात. निरोप थांबतच नाहीं. लाळ व घाम वाहतात, बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी होते, छाती स्रावांनीं भरते. अशा वेळीं तेंच ॲट्रोपीन, छाती मोकळी होईपर्यंत पुनःपुन्हां टोंचून, डॉक्टर प्राण वांचवितात. मात्र म्हणून कोणी धोत्र्याचा काढा देऊं नये. कोणत्या झाडांत विष किती, याचा नेम नसतो.

पहिल्या शाखेच्या औषधांविषयीं एवढेंच सांगतों. जेम्स ब्लॅक याच्या संशोधनांतून निघालेली प्रोप्रॅनोलॉल ही गोळी हृदयाची धडधड कमी करिते. परंतु श्वासनलिका रुंद ठेवणारा निरोपही ती अडविते. शेजारणीस गुण आला म्हणून तिच्या डबींतील गोळी दमेकऱ्यानें घेतली, तर ती जिवावर बेतूं शकते. ही गोळी लिहून देण्यापूर्वीं डॉक्टर दम्याची चौकशी करितात ती याचसाठीं.