दिव्याचा खांब पुरेसा नाही
रत्नागिरी जिल्ह्यातले चाकरमानी पोटासाठी ज्या लालबाग-परळात गेले, तिथेच मुंबईच्या गॅस कंपनीचा कारखाना होता. ऑक्टोबर १८६५मध्ये मुंबईचे रस्ते कोळशापासून काढलेल्या वायूने उजळले. त्या काळाची आठवण म्हणून आपण फार तर नक्षीदार दिवाखांब जपतो. पण खांब हे त्या व्यवस्थेचं केवळ शेवटचं टोक. बंद भट्टीत हवेविना कोळसा तापवायचा, निघालेल्या वायूतून डांबर आणि अमोनिया वेगळे काढायचे, मग पाण्यावर तरंगणाऱ्या प्रचंड लोखंडी टाकीत तो साठवायचा. वायू भरला की टाकी वर चढे, संपत आला की खाली बसे. भट्टी आणि टाकी पाहिल्याशिवाय त्या उजेडामागची धग आणि मेहनत कळत नाही. म्हणून जपायची ती अख्खी साखळी.

यावर आक्षेप दोन. पहिला, गॅस कारखान्याची जमीन विषारी असते. हे खरंच आहे. पण ती साफ तर इमारती बांधतानाही करावीच लागते. सिॲटलमध्ये १९५६ साली बंद पडलेल्या गॅस कारखान्याची यंत्रं जागेवर ठेवून १९७५मध्ये उद्यान खुलं झालं. दुसरा आक्षेप जागेच्या किमतीचा. पण अथेन्सचा गॅस कारखाना १९८४मध्ये थांबला आणि पुढे त्याचं सांस्कृतिक केंद्र झालं. म्हणजे जतन केलेली जागा वाया जात नाही. जिथे सगळं वाचवणं शक्य नाही, तिथे निदान एक भट्टी, एक टाकी आणि कामगारांच्या आठवणींची नोंद एवढं तरी राखावं.