चरबी नुसती साठून राहत नाही

"अंगावर थोडी चरबी हवीच, आजारपणात कामी येते," असं घरातली वडीलधारी माणसं मायेने सांगतात. चरबी म्हणजे जादा अन्नाची साठवण, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. १९९३ साली गोखान होतामिसलिगिल आणि ब्रूस स्पिगेलमन यांच्या गटाने दाखवून दिलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा नावाचं दाह वाढवणारं रसायन पाझरतं आणि ते रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्यामागचं चित्रही दिसलं. चरबीच्या पेशी फुगत जातात, काही मरतात, आणि मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी कडं करून बसतात. त्या येतात साफसफाईला. पण चरबी वाढतच राहिली तर त्यांचं काम संपत नाही आणि दाहही थांबत नाही.

"दाह असता तर दुखलं नसतं का?" नाही. हा दाह मंद असतो. ताप नाही, सूज नाही. रक्तातलं सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन थोडंसं वाढलेलं असतं, इतकंच.

मग ही जागी झालेली प्रतिकारशक्ती संसर्गाशी जास्त जोमाने लढत असेल, असं वाटू शकतं. प्रत्यक्षात उलट दिसलं. २००९च्या स्वाइन फ्लूमध्ये आणि नंतर कोविडमध्येही लठ्ठ रुग्णांचा आजार गंभीर होण्याचा धोका जास्त होता. म्हणून 'इम्युनिटी वाढवा' ही जाहिरात मला खटकते. इथे प्रश्न प्रतिकारशक्ती कमी असण्याचा नसून ती भलतीकडे गुंतून पडण्याचा आहे.

आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे: "मी कुठे जाडा आहे?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय सडपातळ आणि पोट सुटलेलं, अशी माणसं आपल्याला घरोघर दिसतात. त्यांच्या बाबतीत वजनकाटा फसवतो. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८०च्या वर गेली, तर वजन बेताचं असूनही साखर तपासायला हवी.

"चरबी शस्त्रक्रियेने काढून टाकली की सुटलो!" तेही करून पाहिलं आहे. २००४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची सुमारे दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली. अडीच-तीन महिन्यांनी पाहिलं तर इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारलेला नव्हता, सीआरपीही उतरलं नव्हतं. आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी जागच्या जागी होती, आणि उरलेल्या पेशीही तितक्याच फुगलेल्या राहिल्या होत्या.

दाह कमी करणाऱ्या औषधाने तरी भागेल? कॅनाकिनुमॅब या अशाच एका औषधाच्या मोठ्या चाचणीत दाह उतरला, हृदयविकाराचे झटकेही कमी झाले; पण नव्याने होणारा मधुमेह टळला नाही. याउलट, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत आहार आणि आठवड्याला दीडशे मिनिटांच्या व्यायामाने लोकांचं वजन सरासरी साडेपाच किलोच्या आसपास उतरलं आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. ही माणसं मधुमेहाच्या उंबरठ्यावरची होती. ज्यांना तो आधीच झाला आहे, त्यांनी या आकड्यांवरून आपली गोळी बंद करू नये.