भात झाला हे कुकरला कसं कळतं?

विरारहून सकाळची लोकल पकडायची, तर शिट्ट्या मोजायला वेळ कुणाला? मग विजेचा राइस कुकर घ्यावासा वाटतो. त्याला ना घड्याळ, ना मेंदू. साध्या कुकरच्या तळाशी असतो फक्त एक चुंबक. वसई समुद्रकाठी, त्यामुळे पाणी उकळतं १०० अंशांना, आणि पाणी असेतो भांड्याचा तळ त्याच्या फारसा वर जात नाही. तांदळाने पाणी पिऊन टाकलं की तापमान चढतं, चुंबकाची पकड सुटते, स्प्रिंग त्याला ढकलते आणि 'टक्'! तोशिबाने १९५५ मध्ये आणलेल्या स्वयंचलित कुकरची युक्ती निराळी होती: बाहेरच्या भांड्यातलं पाणी संपलं की वीज बंद.

चुंबकवाला कुकर तळाच्या तापमानावरच चालतो, म्हणून भांड्याचा तळ सपाट हवा. खाली एखादं शीत अडकलं, तरी चुंबकाचा अंदाज चुकतो.

खोक्यावरचे लिटर कच्च्या तांदळाचे की पूर्ण भांड्याचे, हे दुकानदाराला विचाराच. सोबतचा कप बहुधा १८० मिलिलिटरचा असतो, तुमची वाटी नव्हे. आपल्याच जिल्ह्यातला, २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम नवा असेल तर पाणी जरा कमी, नाहीतर गिचका.

तूरडाळीसाठी मात्र शिट्टीचा कुकर राहू द्या. तिथे दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं, इथे वाफ निसटून जाते. पावसाळ्यात लाइट गेली तरी तोच कामाला येतो.