खटखट थांबली की जाग येते

इचलकरंजीत पहिल्यांदाच मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी चहाच्या वेळी ओळखू येतो. त्याचे डोळे तांबारलेले असतात. "पावणं, झोप लागली न्हवं?" असं यजमानांनी विचारलं की तो भिडेखातर "हो, छान" म्हणतो. पण रात्रभर भिंतीतून, फरशीतून, उशीतून आलेली खटखट त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेली असते. फारच जवळचा असला तर विचारतो, "रात्रभर हा कसला आवाज हो?" आणि यजमानीणबाई खरोखरच बुचकळ्यात पडतात. "आवाज? कुठला आवाज?"

त्याच घरात एखाद्या रात्री अडीच वाजता वीज जाते. गल्लीतले सगळे माग एका दमात थांबतात. पाहुण्याला इतक्या वेळाने पहिल्यांदा गाढ झोप लागते आणि यजमान मात्र अंथरुणात उठून बसतात. "लाइट गेली वाटतं," असं अंधारात म्हणतात. पंखा बंद झाल्याचं त्यांना नंतर कळतं, माग थांबल्याचं आधी कळतं.

यात चमत्कार काही नाही. डोळ्यांना पापणी आहे, कानाला नाही. आपण झोपलो तरी कान पहाऱ्यावर असतात. पण एकसारखा चाललेला आवाज मेंदू हळूहळू हिशेबातून वजा करतो आणि जागा होतो तो बदलाने. रेल्वेलाइनीजवळच्या माणसाला गाडीने जाग येत नाही, समुद्राकाठच्याला गाज ऐकू येत नाही. इचलकरंजीची गोष्ट याच जातीची. फरक एवढाच, की समुद्र कुणाला मजुरी देत नाही.

पंचगंगेकाठच्या या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. गावाचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा या उद्योगाला भक्कम आधार होता. पुढे माग वाढत गेले आणि वाढले ते घराघरांत. मुंबईच्या गिरण्यांसारखी एक मोठी भिंत, एक दरवाजा आणि एक भोंगा असं इथे झालं नाही. खाली माग, वर बिऱ्हाड. पुढे माग, मागे स्वयंपाकघर. पडवीत चार माग आणि शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास. आवाजाला कारखान्यातून घरात यायला दरवाजाच ओलांडावा लागला नाही.

हा आवाज येतो कुठून? साध्या मागावर उभा ताणा लावलेला असतो. त्यातून आडवा धागा न्यायचं काम धोटा करतो. हा लाकडी धोटा एका बाजूला फटका बसला की दुसऱ्या टोकाला जाऊन आदळतो, तिकडून फटका बसला की परत येतो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. एक माग म्हणजे खटखट, दहा माग म्हणजे खडखडाट आणि गल्लीभर माग म्हणजे ज्याला शब्द नाही असं काहीतरी. तरी जाणत्या कानाला त्यातले पदर वेगळे ऐकू येतात. ओळीतला एक माग बिघडला की जॉबर मान वर करतो. त्याला ते दिसत नाही, ऐकू येतं.

मजुरी मीटरवर. माग चालला तर कापड, कापड तर पैसा. म्हणून इथल्या बाईला दुपारी भाकरी थापताना शेजारच्या कारखान्याची खटखट ऐकू आली की नवऱ्याचा आठवडा नीट जाणार, एवढं त्यातून कळतं. सुताचे दर भडकले, कापडाला उठाव नसला, मालकांनी एक पाळी बंद ठेवली, की बातमी वर्तमानपत्रात येण्याआधी कानावर येते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा शहरोशहरीच्या लोकांनी शांततेचं कौतुक केलं. पक्षी ऐकू येऊ लागले म्हणून लेख लिहिले. मागावर पोट असलेल्या गावात त्या शांततेचा अर्थ वेगळा होता. तिथे लोकांच्या छातीत धस्स झालं. परप्रांतांतून आलेले कामगार गाठोडी बांधून निघाले आणि ज्यांना जायला दुसरं गाव नव्हतं ते रात्री जागे राहिले.

इथपर्यंत आवाजाची बाजू गोड आहे. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. कारखान्याच्या बाहेर उभं राहून लिहिलं की तो गोडच वाटतो. आत जाऊन पाहावं.

आत दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, खुणा करतात. फार तर कानाला तोंड लावून ओरडतात. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकांनी एकमेकींचे ओठ वाचण्याची एक भाषाच तयार केली होती, तीही याच कारणाने. आपल्याकडच्या कायद्यात कारखान्यातल्या आवाजाला मर्यादा आहे. ८ तासांच्या कामाला ९० डेसिबल. साध्या मागांच्या शेडमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि पाळी अनेकदा ८ तासांची नव्हे, १२ तासांची असते. डेसिबलचा हिशेब मोठा फसवा. ९० चे १०० झाले म्हणजे दहा रुपयांची वाढ नव्हे. आवाजाची ऊर्जा दसपट होते. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी या माऱ्याने मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. नातवाचं चिरकणं, दारावरची घंटा, फोन. समोरच्याने बोललेलं ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत.

यावर इलाज काय, तर कानात घालायची बोळी. किंमत नगण्य. तरी ती घातलेला कामगार क्वचित दिसतो. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "माग कसा चाललाय ते मग कळणार कसं?" या उत्तरात तथ्य आहे, आणि हेच उत्तर मालकांच्याही सोयीचं आहे. विनाधोट्याचे नवे माग आले आहेत. त्यांचा फटका वेगळा, वेग जास्त, किंमत सामान्य मागवाल्याच्या आवाक्याबाहेरची. तेही मुके नाहीतच.

वरच्या मजल्यावर ज्या खटखटीने बाळ झोपी जातं, तिनेच खालच्या मजल्यावर त्याच्या आजोबांचे कान गेलेले असतात. दिलासा एकाचा, किंमत दुसऱ्याची. छोट्या गावातल्या बहुतेक आवाजांचा हिशेब असाच मांडावा लागतो असं मला वाटतं. किती मोठा, हे तर विचारावंच. पण कुणाचा, आणि कुणाच्या जिवावर, हेही विचारावं.

पिठाच्या गिरणीचंच घ्या. पट्ट्याचा तो फटफटाट आणि दाणे संपत आल्यावर बदलणारी जात्याची घरघर. आवाज काही कमी नसतो. पण गिरणीवाल्याचं नाव ठाऊक असतं, डबा ठेवायला त्याच्याकडेच जायचं असतं. आमच्या गल्लीत दर वर्षी बोर्डाची परीक्षा जवळ आली की कुणीतरी काकू जाऊन सांगतात, "दादा, पोरांचा अभ्यास आहे, संध्याकाळची गिरणी जरा लवकर बंद करा." आणि तो करतो. कुरकुरत करतो, पण करतो. त्या काळात डबे सकाळी टाकायचे, हे गल्लीला सांगावं लागत नाही.

फेरीवाल्यांच्या बाबतीत मात्र काहीतरी हातचं गेलं आहे. पूर्वी प्रत्येकाची आरोळी वेगळी होती. कल्हईवाला, बोहारीण, मिठवाला, बर्फाचा गोळेवाला. शब्द कळायची गरजच नसे, चालीवरून ओळख पटे. कल्हईवाल्याला स्टीलने घालवलं, त्याला इलाज नव्हता. पण जे उरले आहेत त्यांच्या गाडीला आता एक डबडं कर्णा बांधलेला असतो आणि भंगारवाल्यापासून कांदेवाल्यापर्यंत सगळ्यांच्या कर्ण्यातून ध्वनिमुद्रित आवाज येतो. माणूस गाडीशेजारी गप्प चाललेला, कर्णा बोलतो आहे! त्याचा घसा वाचला, हे खरं. दिवसभर ओरडणं हे काही सुख नव्हे. पण "अहो मामा, थांबा जरा" असं हाक मारून म्हटलं, तर ते त्याला त्या कर्ण्यामुळेच ऐकू जात नाही.

मग येतात ते ज्यांना हाकच मारता येत नाही असे आवाज. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांचा आवाज कानात नव्हे, छातीत शिरतो. खिडकीच्या काचा थरथरतात, आजारी माणूस उशी डोक्यावर घेतो. कायदा याबाबतीत मुका नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, इस्पितळं, शाळा आणि न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. वर्षातले १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. कागद चोख आहे.

पण मुंबई-पुण्यात तक्रार करणारा निनावी असू शकतो, तालुक्याच्या गावात नाही. फोन केल्यावर तासाभरात सगळ्या पेठेला कळतं की कुणी केला. ज्यांच्या मंडळाविरुद्ध तक्रार, त्यांच्याच दुकानातून सकाळी दूध आणायचं असतं आणि अडीअडचणीला, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला तीच पोरं धावून येणार असतात. म्हणून लोक दारं लावून घेतात. यात भित्रेपणा नाही, असं मी म्हणणार नाही. पण निव्वळ भित्रेपणाही नाही.

आपल्याकडेच असं आहे असंही नाही. फ्रान्समधल्या ओलेरॉन बेटावर सुट्टीपुरत्या येणाऱ्या घरमालकांनी शेजारच्या मोरीस नावाच्या कोंबड्याविरुद्ध दावा लावला. पहाटे आरवतो म्हणून! सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथे खेड्यापाड्यांतले आवाज आणि वास हा गावाचा वारसा मानणारा कायदाच झाला. मागाला कोंबड्याचा न्याय लावता येणार नाही. कोंबड्याने कुणाला बहिरं केलेलं नाही.

आवाज मोठा असूनही लोकांनी आपणहून मागून घेतला, असंही उदाहरण जवळच आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली ठरवलं, की संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजेल आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल दीड तास बंद राहतील. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी बोलावं. भोंगा हा तसा कर्कश प्रकार. पण तो का वाजतो हे त्या गावच्या पोराटोराला ठाऊक होतं. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध राहायची खूणही भोंगाच करतो.

इचलकरंजी २०२२ साली महानगरपालिका झाली. जुन्या कारखान्यांच्या शेजारी सदनिका उठल्या आणि त्यांत राहायला आलेल्यांना रात्री झोप लागत नाही. त्यांची तक्रार खोटी नाही. नियमांत निवासी भागाला रात्री ४५ आणि औद्योगिक भागाला ७० डेसिबल आहेत. पण जिथे खाली माग आणि वर बिऱ्हाड, तो भाग कुठला? अशा मिश्र वस्तीला यांपैकी कुठल्या तरी एका वर्गात घालण्याचा अधिकार प्रशासनाला आहे. कुठल्याही वर्गात घाला, कुणाचं तरी काहीतरी जाणार. माग गावाबाहेर हलवावेत, असं सुचवणारे आहेत. मग आज भाकरी खायला पायी घरी येणाऱ्या कामगाराने जायचं कसं, कांड्या भरणाऱ्या बाईने पोर कुणाकडे ठेवायचं, असं विचारणारेही आहेत.

या सगळ्यात ज्याला कुणी विचारत नाही तो, तीस-पस्तीस वर्षं माग चालवून घरी बसलेला म्हातारा. त्याचा टीव्ही मोठ्याने लागतो. सून दोनदा येऊन आवाज कमी करते, तो तिची पाठ फिरली की वाढवतो. शेजारी भिंतीवर थाप मारतात. ती थाप त्याला ऐकू येत नाही, मागच्या गल्लीतले माग थांबले की मात्र तो जमिनीवर टेकवलेला तळवा उचलतो आणि म्हणतो, "पाळी सुटली."